जुन्या पेट्या-डबे घरात खरंच वापरता येतात का? फणेरपेटी, पानडबा आणि गंजिफाची पेटी, एक पावसाळा काढल्यावर

मागच्या दिवाळीच्या आसपास घरात तीन जुन्या वस्तू आल्या, सागवानी फणेरपेटी, पितळी पानडबा आणि सावंतवाडीची गंजिफाची (म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांची) रिकामी पेटी. फोटो टाकले की मेसेज येतात, कुठून घेतलं, खरं जुनं कसं ओळखायचं, केवढ्याला पडलं, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितेय. मुद्दाम पावसाळा जाईपर्यंत थांबले, कारण दुकानात पॉलिश मारून ठेवलेलं सगळंच भारी दिसतं, जुन्या लाकडाचं खरं काय ते जुलैमधे कळतं.

फणेरपेटीपासून सुरू करते कारण तिघांत तीच रोज उघडली जाते. ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी, झाकण उघडलं की आतला आरसा टेकून उभा राहतो आणि खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेण, काजळ यांचे छोटे छोटे खण असतात. मी ती आधी हॉलमधल्या कन्सोलवर ठेवली होती, दिसायची मस्त पण उभं राहून बघितलं तर आरशात फक्त गळा दिसायचा. साहजिकच आहे, ही वस्तू जमिनीवर मांडी घालून वेणीफणी करणाऱ्या बाईच्या उंचीची बनवलेली आहे. मग बेडरूममधे खिडकीखाली चौरंगावर ठेवली, समोर एक सतरंजी टाकली आणि तेव्हापासून ती जी वापरात आली ती आलीच. मेणाच्या खणात सेफ्टीपिना, करंड्याच्या जागी टिकल्या, मोठ्या खणात कानातली आणि घड्याळ. कप्पे उथळ आहेत त्यामुळे खाली काय दडलंय शोधत बसावं लागत नाही, सकाळी घाईत हे फार बरं पडतं. औषधांच्या स्ट्रिप्स आणि चार्जर मात्र मावत नाहीत, त्या नादाला लागू नका.

घेताना दुकानदार झाकणावरचं कोरीवकाम दाखवत राहतो, तुम्ही पेटी उलटी करून बघा. तळ प्लायचा असेल तर गप्प खाली ठेवायची. बिजागरीला फुलीच्या खाचेचे स्क्रू असतील तर निदान बिजागरी तरी नवी आहे, कारण तसे स्क्रू १९३० नंतरच चालू झाले, जुन्यांना एकच सरळ खाच असते. कोपऱ्यांचे सांधे हाताने कापलेले असले तर थोडे वाकडेतिकडे दिसतात, सगळे दात अगदी एकसारखे असतील तर मशीनचं काम समजा. सहारनपूर आणि जोधपूरकडून नवीन शिसवी माल घासूनपुसून जुना दिसेल असा येतो, तोही काही वाईट नसतो पण मग भाव नव्याचा द्यायचा ना. आणि आरसा! जुन्या वस्तूंच्या दुकानात बेल्जियम सोडून दुसऱ्या कुठल्या देशाची काच असते हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या आरशाला कडेने काळे डाग आहेत, मागचा चांदीचा थर दमटपणाने जातो त्याचे ते. काच बदलू नका, आणि काच पुसायचा स्प्रे डायरेक्ट आरशावर मारू नका, ते पाणी कडेने मागे उतरतं आणि डाग वाढतात. फडक्यावर घेऊन पुसायचं.

पावसाळ्यात एक त्रास झाला, पेटीखाली बारीक पिठासारखा भुसा दिसायला लागला. कीड जिवंत आहे का जुनीच भोकं आहेत हे बघायला खाली काळा कागद घालून ठेवला, चार दिवसांनी परत ताजा भुसा. सागाचा आतला गाभा किडीला सहसा दाद देत नाही पण बाहेरचं फिकट लाकूड तिला चालतं, आणि भोकं नेमकी त्याच पट्टीला होती. ओळखीच्या सुताराने सिरिंजने भोकांत औषध सोडलं, वर मेण भरलं, त्यानंतर कागद कोराच आहे. नवीन आणलेली कुठलीही जुनी लाकडी वस्तू आधी महिनाभर वेगळी ठेवा, फर्निचरला चिकटवून नको.

पानडबा. काय बोलायचं. सगळ्यात जड, सगळ्यात महाग, आणि सगळ्यात कमी उपयोगाचा, आणि पाहुणे आले की सगळे आधी त्यालाच हात लावतात. जाळीचं झाकण, आत चुना, कात, सुपारी, लवंग यांच्या वाट्यांची उतरंड, पण आमच्याकडे पान खाणारं कोणी उरलेलं नाही. लोक याचा मसाल्याचा डबा करतात, प्लीज नका करू. आतली कल्हई गेलेली असते, आमचूर किंवा मीठ पितळेला लागलं की कळकणारच. फारच हौस असेल तर आधी कल्हई करून घ्या. आमच्याकडे त्यात किल्ल्या आणि सुटे पैसे असतात, रात्री कोणी किल्ली काढली तर अख्ख्या घराला कळतं. चिंच-मीठ लावून लख्ख करू नका हे माझं मत, आई ऐकत नाही तो भाग वेगळा. जुनं पितळ जिथे हात लागतो तिथे गुळगुळीत आणि उजळ असतं, कोपऱ्यात काळं. मुरादाबादचं नवीन पितळ केमिकलने काळं करून आणतात ते सगळीकडे सारखंच काळं दिसतं, झाकणाच्या आतून पण, जिथे काळं व्हायला काही कारणच नसतं.

खरेदीच्या आधी पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर मारा. केळकरांनी १९२० च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली आणि १९६२ मधे सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला, वीस हजारांच्या वर वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. पण पानाचे डबे, अडकित्ते, चुनाळी निवांत बघून झाली की जुन्या बाजारात डोळा आपोआप तयार असतो. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटला जाणार असाल तर शुक्रवार टाळा, अँटिकवाली दुकानं तेव्हा बंद असतात आणि रस्त्यावर वेगळाच बाजार भरलेला असतो.

तिथेच एकाने कडेला बारीक मोझेकची नक्षी असलेली चंदनाची पेटी दाखवली होती, परदेशात याच कामाला बॉम्बे बॉक्स म्हणतात, एकोणिसाव्या शतकात अशा पेट्या खूप बाहेर जायच्या. सुंदर होती पण त्या नक्षीत हस्तिदंत असतो, आणि हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे बेकायदा आहे, कितीही जुना असला तरी. हात लावून परत ठेवली.

गंजिफाची पेटी मला एका ओळखीच्यांनी घर आवरताना दिली. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, ते कधीच हरवलेत, पेटी मात्र रंगांसकट शाबूत. हिचं झाकण सरकतं आहे आणि जुलैत ते जे फुगून बसलं ते गणपती होऊन गेल्यावरच हललं. जोर केला नाही, तेल तर अजिबात नाही, पूर्ण वाळू दिलं आणि मग खाचेत मेणबत्ती घासली. ओलं फडकं आणि ऊन दोन्ही वर्ज्य, रंगाचे पापुद्रे निघतात. जे वर्षातून दोनदा लागतं तेच आत ठेवा, मी बँकेच्या लॉकरची किल्ली ठेवलीये, म्हणजे गणपतीत दागिने काढायचे होते तेव्हाच नेमकी ती आत अडकली होती.

भावाचं म्हणाल तर फणेरपेटी पाच हजारांच्या आत मिळाली, पहिला आकडा याच्या दुपटीचा होता. ‘शंभर वर्षं जुनी आहे’ या वाक्याला फार किंमत देऊ नका. बाहेरगावच्या, म्हणजे अमेरिका-दुबईवाल्या लोकांनी तर ते ऐकून सावधच व्हा, कारण १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. मी दुकानदाराला सहज म्हटलं की बहिणीला न्यूजर्सीला पाठवायचीये, तर पेटी त्याच मिनिटाला साठ वर्षांची झाली.