नोकरी गेल्यानंतरचा वर्ग : दक्षिण कोकणातील एका उद्योजकता प्रशिक्षणाचे परीक्षण

नोकरी सुटल्यावर गावी परतून व्यवसाय उभा करू पाहणाऱ्या माणसाने उद्योजकतेचा निवासी वर्ग करावा का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातील कंपनीने आमचा विभागच बंद केल्यानंतर मी सिंधुदुर्गातील गावी आलो आणि जिल्ह्यातील एका प्रशिक्षण संस्थेचा असा वर्ग पूर्ण केला. करावा, असेच माझे उत्तर आहे. मात्र या वर्गाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घेतलेले बरे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण मला परीक्षण करायचे आहे ते अभ्यासक्रमाचे आणि त्यामागच्या विचाराचे.

अशा वर्गांचे मूळ आपल्याच किनारपट्टीवर, थोडे दक्षिणेला आहे. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये धर्मस्थळाचा शैक्षणिक न्यास, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून बेरोजगार तरुणांसाठी एक प्रशिक्षण संस्था काढली. पुढे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने तोच नमुना स्वीकारला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांच्या पुढाकाराने ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था सुरू झाल्या. बोलण्यात त्यांना आरसेटी म्हणतात. प्रशिक्षण, निवास आणि जेवण विनामूल्य असते आणि वर्ग संपल्यावरही दोन वर्षे पाठपुरावा करावा, अशी त्यामागची कल्पना आहे. उजिऱ्याची संस्था सुरू झाली त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईतील गिरणी संपाला सुरुवात झाली आणि मनीऑर्डरवर चालणारी कोकणातील असंख्य घरे एकाएकी उघडी पडली. त्या वेळी गावी परतलेल्या गिरणी कामगाराला समोर बसवून ‘आता पुढे काय करायचे ठरवले आहे?’ असे शांतपणे विचारणारी एखादी जागा तळकोकणात असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. माझ्या वर्गातील किमान काहींच्या घरांत त्या संपाची आठवण अजून ताजी होती, आणि म्हणूनच मला अशा वर्गाचे मोल अधिक वाटते.

मी गेलो ती संस्था याच वळणाची आहे. वर्गात बचत गटातील महिला होत्या, गोव्यातील हॉटेलांतून परतलेले तरुण होते आणि माझ्यासारखे चाळिशी उलटलेले, पगाराची सवय हाडीमाशी भिनलेले काही जण होते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या व्यवसायाचा हेतू लिहायचा होता. बहुतेक सर्वांनी एकच उत्तर लिहिले : पूर्वीच्या पगाराएवढे पैसे मिळावेत. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या प्रशिक्षकांनी ते कागद परत दिले आणि दुसरे दोन प्रश्न विचारले. तुमचा धंदा उद्या बंद पडला तर घराबाहेरच्या कोणाचे काय अडेल? आणि तो चालला तर तुमच्या घरात नेमके काय बदलेल?

हे दोन प्रश्न या वर्गाचा सर्वांत मौल्यवान भाग आहेत, असे मी पूर्ण विचाराने लिहितो. नोकरी गेलेल्या माणसाला उत्पन्नाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, उणीव भासते ती आपली कोणाला तरी गरज असण्याची. सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस दिवसभर पडवीत बसलेला दिसला की वाडीतील लोक काही बोलत नाहीत, पण त्याला मात्र सगळे ऐकू येत असते. या अवस्थेत घेतलेला व्यवसायाचा निर्णय पुष्कळदा लोकांना काहीतरी दाखवून देण्यासाठी घेतला जातो, आणि तसा व्यवसाय पहिल्या मंदीत टिकत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आमच्याच वाडीतील काजूवाले दिसू लागले. ते हंगामात मिळेल त्या भावाने बी व्यापाऱ्याला घालतात, कारण साठवून ठेवण्याची त्यांची ताकद नसते. त्यांची बी गावातच विकत घेऊन गावातच फोडली गेली, तर कोणाचे काय अडेल आणि कोणाचे काय सुटेल, हे मला नावानिशी लिहिता आले.

दुसऱ्या प्रश्नासाठी प्रशिक्षकांनी आम्हाला जुना पगार बाजूला ठेवून घराचा वर्षाचा खर्च मांडायला लावला. शहरातील घरभाडे आणि रोजचा प्रवास हे खर्च गेलेले असतात. मुलांचे शिक्षण, आईवडिलांची औषधे आणि कर्जाचे हप्ते राहिलेले असतात. भात, नारळ आणि परसातील भाजी यांमुळे काही भार हलका झालेला असतो. जुन्या पगाराचा आकडा आणि हा नवा आकडा यांत बरेच अंतर निघाले. उद्दिष्ट कशाच्या आधारावर ठरवायचे, ते तेथे स्पष्ट झाले.

त्यानंतर रिंगा फेकण्याचा खेळ झाला. जमिनीवर एक खुंटी उभी करतात, अंतराच्या रेषा आखतात आणि रेषा जितकी दूर तितके गुण अधिक. कोठे उभे राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या सिद्धिप्रेरणेच्या, म्हणजे काही साध्य करून दाखवण्याच्या ओढीच्या, संशोधनाशी हा खेळ जोडलेला आहे. कर्तबगारीची ओढ असलेली माणसे फार जवळून किंवा फार दुरून रिंग टाकत नाहीत. जेथून प्रयत्नाने जमेल, पण आपोआप जमणार नाही, असे मधले अंतर ती निवडतात, हा त्या संशोधनातील प्रसिद्ध निष्कर्ष. मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातील काकीनाडा येथील लहान व्यावसायिकांना प्रत्यक्ष प्रशिक्षण देऊन ही प्रेरणा जोपासता येते का, हे पाहिले होते, आणि भारतातील उद्योजकता वर्गांत हे खेळ तेव्हापासून रुळत गेले.

खेळ पोरकट वाटू शकतो. आमच्या वर्गात मात्र नोकरी गेलेली मंडळी दोन टोकांना उभी राहिलेली स्पष्ट दिसली. काही जण खुंटीला खेटून उभे होते, कारण पुन्हा अपयश नको होते. काही जण शेवटच्या रेषेवर गेले, कारण गमावलेले सगळे एका फेकीत परत हवे होते. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीची सगळी रक्कम घालून समुद्राजवळ पर्यटकांसाठी एकदम मोठे निवासस्थान बांधू पाहणारा माणूस हा शेवटच्या रेषेवरचा. प्रशिक्षकांनी कोणालाही नावे ठेवली नाहीत. पहिल्या फेरीत किती रिंगा खुंटीत पडल्या ते पाहून दुसऱ्या फेरीची जागा स्वतःच बदला, एवढेच त्यांनी सांगितले.

या खेळाचे खरे मोल मला हिशेबाच्या तासाला कळले, म्हणून तो हिशेब येथे सविस्तर देतो. आकडे वर्गात उदाहरणादाखल धरलेले आहेत. साधारण ४ किलो काजू बीपासून १ किलो काजूगर मिळतो. बी १३० रुपये किलोने घेतली, तर एका किलो गरामागे ५२० रुपये केवळ कच्च्या मालाचे झाले. त्यावर वाफवणे, फोडणे, बोरम्यात (गर वाळवण्याच्या भट्टीत) वाळवणे, साल काढणे, अख्खा गर, पाकळी आणि तुकडा वेगळा करणे, भरणे आणि वाहतूक हे खर्च येतात. अख्ख्या गराची प्रतवारी एका पौंडात किती गर बसतात यावरून होते. बाजारात ज्याला ३२० नंबर म्हणतात त्यात पौंडाला सुमारे ३०० ते ३२० गर असतात. फोडताना जितके गर तुटतील तितका भाव खाली येतो. सगळा खर्च वजा जाता किलोमागे १०० रुपये राहतील असे धरले आणि घराला वर्षाला ३ लाख रुपये हवे असतील, तर ३,००० किलो गर विकावा लागेल. त्यासाठी १२ टन बी हवी. तिची किंमत १५ लाख ६० हजार रुपये होते, आणि हे पैसे मार्च ते मे या जेमतेम तीन महिन्यांत मोजावे लागतात, कारण पाऊस लागण्याआधी बी विकत घेऊन, उन्हात चांगली वाळवून गोणीत भरली नाही तर वर्षभर फोडायला माल राहत नाही.

फळ्यावर हा आकडा आला तेव्हा वर्ग शांत झाला. तोपर्यंत आम्ही सारे यंत्रांच्या किमतीविषयी बोलत होतो. काजूच्या धंद्यात यंत्रापेक्षा खेळते भांडवल मोठे असते, ही गोष्ट कोकणातील प्रत्येक कारखानदाराला ठाऊक असते आणि पगारदार माणसाला बहुधा ठाऊक नसते. मग रिंगेच्या खेळातील मधल्या रेषेप्रमाणे आम्ही उद्दिष्ट पुन्हा मांडले. पहिल्या वर्षी ४ टन बी, म्हणजे ५ लाख २० हजारांचा माल, १,००० किलो गर आणि घराला १ लाख रुपये. उरलेला खर्च बचतीतून भागवायचा आणि ती बचत व्यवसायात अजिबात घालायची नाही. दुसऱ्या वर्षीचे प्रमाण पहिल्या वर्षी किती गर अख्खा निघाला त्यावर ठरवायचे. वर्षातून एकदाच माल येतो तेथे उद्दिष्टही वर्षाचे असावे लागते. दर महिन्याच्या एक तारखेला यशापयश मोजण्याची सवय सोडवणे हे नोकरदाराच्या दृष्टीने अवघड काम होते, आणि या वर्गाने ते पुष्कळ अंशी साधले. बचत गटातील एका ताईंनी मात्र पहिल्याच दिवशी ‘म्हयन्याक किती गावतले, ता सांगा’ (महिन्याला किती मिळतील, ते सांगा) असे रोखठोक विचारले होते. रोजच्या विक्रीवर चालणाऱ्या त्यांच्या घावणे-चटणीच्या धंद्यासाठी तो प्रश्न अगदी योग्यच होता, आणि प्रशिक्षकांनी त्यांचा हिशेब वेगळा, आठवड्याचा मांडून दिला.

कर्ज आणि अनुदानाचा तास माहितीपूर्ण होता. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय, माजी सैनिक आदी विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. हे अनुदान रोख हातात येत नाही, तर तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि व्यवसाय चालू असल्याची खात्री पटल्यावर कर्जात जमा होते, ही बाब प्रशिक्षकांनी पुन्हा पुन्हा सांगितली. अनुदानाच्या भरवशावर बी खरेदी करण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठी ती फार आवश्यक होती. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे आणि तिच्यासाठी कोणाला पैसे मोजू नयेत, हेही तेथे स्पष्ट सांगितले गेले.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव प्रकल्प अहवालाची. इतका चांगला हंगामी हिशेब शिकवल्यावर आमच्या हाती दिलेला अहवालाचा छापील नमुना मात्र बारा महिन्यांची सारखी विक्री धरणारा होता. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि मालवणात पर्यटक तुरळक असतो. कोकम सरबताचा खप उन्हाळ्यात असतो. काजूगर आणि आंबापोळीची मोठी मागणी मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा असते. हे चढउतार अहवालात दिसले नाहीत, तर कर्जाचा हप्ताही बारा महिने सारखाच बसतो आणि जुलैमध्ये माणूस अडतो. हप्ता हंगामाप्रमाणे बांधून मिळावा, अशी मागणी बँकेकडे कशी करावी, याचा एक स्वतंत्र तास हवाच होता.

विक्रीचा भागही तोकडा वाटला. मोबाइलवर पान उघडा, छायाचित्रे टाका, एवढ्यावर तो आटोपला. काचेच्या बाटलीतले कोकमाचे आगळ मुंबईला पाठवताना बाटलीचे वजन आणि फुटीचे नुकसान किती धरायचे, हापूस किंवा वेंगुर्ला काजू यांसारख्या भौगोलिक मानांकनाच्या नावाचा वापर कोण आणि कोणत्या नोंदणीनंतर करू शकतो, दुकानदाराला उधारी किती दिवसांची द्यायची, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारले आणि त्यांची उत्तरे घाईत दिली गेली. पाठपुराव्याचे फोन आले, पण ते माहितीचा तक्ता भरण्यापुरते होते. वर्ग संपल्यानंतरच्या पहिल्या हंगामात कोणी येऊन खरेदीचे वहीखाते पाहिले असते, तर त्याचा उपयोग वर्गातील कित्येक तासांहून अधिक झाला असता.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ होती. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी बहुधा आमटी-भात असे. महिलांसाठी स्वतंत्र निवास आणि लहान मूल बरोबर आणण्याची मुभा होती, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे, कारण तिच्यामुळेच काही जणींना वर्ग पूर्ण करता आला.

ज्यांचा व्यवसाय आधीच चालू आहे आणि ज्यांना केवळ विक्री वाढवायची आहे, त्यांना येथे फारसे नवे मिळणार नाही. ज्यांची नोकरी नुकतीच गेली आहे आणि हातात आलेल्या रकमेचे काय करावे हे ठरलेले नाही, त्यांनी ती रक्कम कोठेही गुंतवण्याआधी हा वर्ग करावा, आणि शक्य तर जोडीदारालाही पहिल्या दोन दिवसांच्या चर्चेस बरोबर न्यावे, कारण घरखर्चाचा आकडा एकट्याने मांडता येत नाही. काजू, कोकम किंवा आंब्यात उतरू पाहणाऱ्यांनी दिवाळीच्या सुमारास होणारी तुकडी निवडावी. त्यानंतर नोंदणी, अन्न परवाना आणि बँकेचे काम यांसाठी फेब्रुवारीपर्यंतचा वेळ हाताशी राहतो. मार्चमध्ये वर्गात बसणाऱ्याला बी खरेदीसाठी पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.