जत्रेतला ठेला, शहरातला स्टुडिओ आणि आजीची तुळस

मराठवाड्यात टॅटू दोन ठिकाणी निघतो. माळेगावसारख्या यात्रेत बॅटरीच्या मशीनवर, अक्षराच्या दराने. नाहीतर संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या स्टुडिओत, चौरस इंचाच्या दराने. सुईखालून उठताना दोन्ही सारखेच काळेभोर दिसतात. फरक उघडा पडायला पाच-सात वर्षं जातात. म्हणून इथे गुण दिलेत ते जुन्या झालेल्या कामाला, आणि गिऱ्हाइकाने दाखवलेली जागा चुकीची असेल तर 'इथे नको' म्हणणाऱ्या कारागिराला.

ठेल्याचा निकाल आधी सांगून टाकू: नापास. एकच सुई आणि शाईची एकच वाटी दिवसभर फिरते. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरायला एवढं पुरे. गर्दीत हात आवरत नाही, सुई खोल जाते. शाई कातडीच्या मधल्या थरात, साधारण 1 ते 2 मिलिमीटरवर बसायला हवी. त्याखाली चरबीत उतरली की रेषेभोवती निळसर धूर पसरतो, टीपकागदावर शाई पसरावी तसा. हा दोष टच-अपने, म्हणजे नंतर पुन्हा सुई फिरवून केलेल्या दुरुस्तीने, जात नाही, उलट वाढतो. उथळ बसली तर खपलीबरोबर निघून जाते, कारण वरचा थर महिन्याभरात नवा येतो.

नीट बसलेली शाई टिकते ती पेशींमुळे. कातडीतल्या भक्षक पेशी तिचे कण गिळून बसतात. पेशी मेली की सुटलेले कण नवी पेशी गिळते. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. पण कण वर्षागणिक थोडे सरकतात, रेष जाड होते. आज अर्ध्या मिलिमीटरची रेष उद्या दुप्पट होणार, हे धरूनच डिझाईन करावं लागतं.

आजीच्या हातावरची गोंदलेली तुळस बघा. काजळीची शाई, हाताने टोचलेल्या सुया, आणि पन्नास-साठ वर्षांनी रंग हिरवट-निळा झालाय. पण तुळस तुळसच दिसते. ठिपक्या-ठिपक्यांत मोकळी जागा सोडलेली, डिझाईन साधं. सुईची स्वच्छता सोडली, तर कित्येक स्टुडिओंनी तिच्याकडून शिकावं.

देवनागरीत ही मोकळी जागा फार महत्त्वाची. 'व'चं पोट बुजलं की ठिपका उरतो, 'ब'मधली तिरकी रेघ बुजली की 'व' आणि 'ब' एकच, 'ष'चा 'प' होतो, 'घ' आणि 'ध'मधला फरक शिरोरेखेपाशी पुसला जातो. अनुस्वार रेघेला चिकटतो. अक्षराची उंची किमान 12 मिलिमीटर आणि पोटात 3 मिलिमीटर मोकळं, हा आमचा हिशोब. 'आई' मनगटावर एवढ्या मापात निघतं. राजमुद्रा नाही. तिच्यावर 32 अक्षरं. आठ-आठच्या चार ओळी धरल्या तरी मजकूरच 8 सेंटिमीटर रुंद, भोवती अष्टकोन धरून 10-11. तो आकार दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा खांद्यामागे पाठीवर बसतो. मनगटावर 4 सेंटिमीटरची राजमुद्रा काढून देणारा स्टुडिओ तुमच्याकडून काळ्या गोळ्याचे पैसे घेतोय.

पण भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी दंड विसरा. सैन्यात कायमचा टॅटू चालतो तो कोपराच्या आतून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि हाताच्या पंजामागे. केंद्रीय सशस्त्र दलांत तर डाव्याच हाताची ही आतली बाजू, किंवा पंजामागची बाजू, आणि त्या भागाच्या पावपेक्षा लहान. मैदान मारून पोरगं मेडिकलला बाहेर पडतं ते इथे. जाहिरातीतली अट आधी वाचा, मगच सुईखाली बसा.

बाकी जागांचं थोडक्यात. कोपराखालची आतली बाजू चांगली: ऊन कमी, कातडी सपाट. पोटरी बरी. मनगटाची घडी, घोटा, पावलाची वरची बाजू इथे कातडी पातळ, धूर लवकर पसरतो. घोट्यावर रोज वजरी फिरत असेल तर विचारूच नका. बोटं आणि तळहात म्हणजे पैसे पाण्यात, तिथली कातडी घासून आणि गळून जाते. पोट स्त्रियांनी बाळंतपणानंतरसाठी ठेवावं. छाती आणि खांदा मात्र कुणाची जखम फुगून वाढत असेल तर टाळा, गाठी तिथेच जास्त येतात.

रंगांबाबत आपल्या सावळ्या कातडीशी खोटं बोलता येत नाही. कातडीचा स्वतःचा रंग शाईच्या वर असतो, त्यामुळे पिवळा, पांढरा, फिका गुलाबी आधीपासूनच मळका दिसतो आणि उन्हात आधी जातो. काळा टिकतो. मोटारसायकलवर रोज तळपणाऱ्या हातांना बाहेरच्या बाजूचा रंगीत टॅटू परवडत नाही, निदान सनस्क्रीन किंवा पूर्ण बाहीशिवाय.

चांगला स्टुडिओ ओळखायच्या दोन खुणा. पहिली: ताज्या कामाचे नव्हे, दोन-तीन वर्षं जुन्या कामाचे फोटो मागा. दुसरी, स्टेन्सिल, म्हणजे सुईआधी कातडीवर उमटवलेला डिझाईनचा ठसा. हात टेबलावर पालथा-उताणा ठेवून लावलेलं स्टेन्सिल हात सोडल्यावर तिरकं दिसतं, कारण मनगट फिरलं की कोपराखालची कातडी पीळ खाते. तुम्हाला उभं करून, हात सैल सोडून लावणारा, आणि ते 10-15 मिनिटं वाळू देणारा कारागीर समजून घ्या की आपल्या कामाचा. सीलबंद सुई तुमच्यासमोर फोडली पाहिजे, हे सांगायलाही नको.

मुहूर्त पाहायचाच असेल तर दिवाळीनंतर ते जानेवारी. मे महिन्यात 42 अंशांत घामाने खपली सुटते, आणि कापूस वेचायला जाणाऱ्यांनी थंडीतही वेचणी आटपेपर्यंत थांबावं, कारण पऱ्हाटीच्या काड्या त्याच हातावर ओरखडे काढतात. दिवसातून दोन-तीनदा सौम्य साबणाने धुवा, मलम अगदी पातळ. हळद, राख, शेंगदाण्याचं तेल यातलं काही नको. दोन-तीन आठवडे विहिरीत किंवा गोदावरीत बुडी नाही. टच-अप साधारण सहा आठवड्यांनी. चांगले स्टुडिओ पहिला फुकट करतात, हे दर ठरवतानाच विचारून घ्या.