पालवी ते रहाड: नव्या महिन्यांच्या नाशिककर दिनदर्शिकेची पारख

महिन्यांना नवी नावं देणारी एक भिंतीवरची दिनदर्शिका नाशिकमध्ये विकायला आली आहे. पंचवटीतल्या एका छोट्या छापखान्याने काढलेली, बारा पानी, वर पत्र्याची पट्टी, किंमत दीडशे रुपये. नावं जिल्ह्याच्या हवापाण्यावरून, शेतीवरून आणि गोदाकाठच्या रीतींवरून पाडली आहेत: पालवी, चाळभर, पावशा, आवणी, झड, दुतोंड्या, छाटणी, दिवे, धुई, गारठा, गोडी, रहाड. काम मनापासून केलेलं आहे. सात नावं उत्तम जमली आहेत, दोन एकेका भागापुरती चालतात आणि तीन पुढच्या आवृत्तीत बदलायलाच हवीत.

नाव देण्याआधी महिना कुठून कुठवर धरायचा हे ठरवावं लागतं, आणि ते इथे नीट ठरवलंय. ही दिनदर्शिका 1957 पासून सरकारी वापरात असलेल्या राष्ट्रीय शक पंचांगाच्या सीमा घेते. पालवी 22 मार्चला सुरू होते. पुढचे महिने 21 एप्रिल, 22 मे, 22 जून, 23 जुलै, 23 ऑगस्ट, 23 सप्टेंबर, 23 ऑक्टोबर, 22 नोव्हेंबर, 22 डिसेंबर, 21 जानेवारी आणि 20 फेब्रुवारीला लागतात. दुसरा ते सहावा महिना 31 दिवसांचा, बाकीचे 30 चे. लीप वर्षी पालवी एक दिवस आधी, 21 मार्चला लागते आणि 31 दिवसांची होते, त्यामुळे 21 एप्रिलपासून पुढच्या तारखा दरवर्षी तशाच राहतात. 1 मे म्हणजे चाळभर 11, 15 ऑगस्ट म्हणजे झड 24, 26 जानेवारी म्हणजे गोडी 6. एकदा पाठ झालं की पुन्हा बघावं लागत नाही.

ऊन, पाऊस, थंडी आणि पिकं सूर्यावर चालतात, म्हणून त्यांची नावं सौर महिन्याला चपखल बसतात. सण मात्र तिथीवर चालतात. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे सण दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. या दिनदर्शिकेतली दोन नावं नेमकी इथे घसरली आहेत.

पहिलं दिवे, 23 ऑक्टोबर ते 21 नोव्हेंबर. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे यंदा नाव बरोबर वाटेल. पण 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला झालं. ते या हिशेबाने छाटणी महिन्यात पडतं आणि दिवे लागतो तो पाडवा-भाऊबीजेच्या सुमाराला.

दुसरं रहाड, आणि त्याची गोष्ट जास्त अवघड आहे. जुन्या नाशकात, शनी चौक, तिवंधा या भागांत पेशवेकालीन दगडी रहाडी, म्हणजे जमिनीतले हौद, आहेत. एरवी त्या बंद असतात, रंगपंचमीला उघडतात, फुलांचा रंग उकळून त्यात ओततात आणि लोक उड्या टाकतात. नाशिकचं म्हणून एकच नाव निवडायचं तर कुणीही हेच निवडेल. पण पान 20 फेब्रुवारी ते 21 मार्चचं आहे आणि ही आवृत्ती शके 1948 ची, म्हणजे 22 मार्च 2026 ते 21 मार्च 2027 ची. 2026 ची रंगपंचमी 8 मार्चला, दिनदर्शिका सुरू होण्याआधीच येते. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, त्याने पुढचे सगळे सण लांबतात, आणि 2027 ची रंगपंचमी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाते. रहाड नावाच्या महिन्यात यंदा रहाड उघडतच नाही! गुढीपाडव्याचंही तेच: 19 मार्च 2026 चा पाडवा तीन दिवसांनी हुकला आणि पुढचा 7 एप्रिल 2027 ला, म्हणजे अख्ख्या दिनदर्शिकेत गुढीपाडवा नाही. नवं पंचांग तर गुढीपाडव्यापासूनच सुरू होतं. मागच्या वर्षाचे शेवटचे आणि पुढच्या वर्षाचे पहिले तीन आठवडे बारीक अक्षरात कडेला छापले असते तर निदान तारखा तरी दिसल्या असत्या.

तिसरं बदलायचं नाव दुतोंड्या, 23 ऑगस्ट ते 22 सप्टेंबर. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर गोदेचा पूर मोजतात, त्यामुळे नावाला वजन आहे. पण पुराला तारीख नसते. 2 ऑगस्ट 2016 आणि 4 ऑगस्ट 2019 हे दोन्ही पूर या दिनदर्शिकेत झड महिन्यात पडतात. सप्टेंबरातही पूर आलेले आहेत, 2008 चा तसाच. गंगापूर धरण भरल्यावर वरून किती पाऊस येतो आणि किती विसर्ग सोडतात यावर पाणी चढतं. जी गोष्ट एखाद्या वर्षी येते आणि एखाद्या वर्षी येत नाही, तिच्यावरून महिना ओळखता येत नाही. शिवाय मालेगाव-नांदगावच्या माणसाला दुतोंड्या सांगून काय कळणार? त्याच काळात पावसाचा जोर उतरतो, आभाळ मधूनच उघडतं, तिन्हीसांजेला गडगडून येतं. यातून जिल्हाभर चालेल असं नाव निघू शकतं.

आता जमलेली नावं. आम्हाला सर्वांत आवडलं ते पावशा, 22 मे ते 21 जून. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं ओरडणारा हा पक्षी पावसाआधी ऐकू येतो आणि त्याचं ओरडणं इगतपुरीपासून येवल्यापर्यंत सगळ्यांच्या कानावर पडतं. 25 मेची रोहिणी आणि 7-8 जूनचं मृग दोन्ही याच पानावर आहेत, आणि महिना संपता संपता आर्द्रा लागतं. नाव, पक्षी आणि नक्षत्रं एकाच ठिकाणी जुळून आली आहेत. पेशवाईच्या दप्तरातला सुहूर सनही मृगालाच सुरू होत असे, कारण शेतसाऱ्याचं वर्ष पावसावर चालायचं.

झड हे नावही पक्कं. आखूड, बोलायला सोपं, आणि 'झडीत लग्न काढू नका' म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. पानाच्या तळाला पावसाची नक्षत्रं लोकांच्या तोंडच्या नावांनी दिली आहेत. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूंचा, पूर्वांचा सुनांचा. नवी नावं पाडण्याची रीत आपल्याकडे शेतकऱ्यांनी आधीच घालून दिलीय हे त्या पट्टीवरून दिसतं. छापखान्याने ती अजून मोठ्या अक्षरात द्यायला हवी होती.

चाळभर उन्हाळ कांद्यावरून आहे. पात वाळवून, मान एक-दीड इंच ठेवून कापलेला, सावलीत सुकवलेला कांदा साठवणीच्या चाळीत भरण्याची घाई एप्रिल-मेमध्येच असते, आणि ती कळवण, देवळा, सटाणा, चांदवड, निफाड, येवला अशी जवळजवळ जिल्हाभर असते. शहरातल्या वाचकाला क्षणभर राहायची चाळ आठवेल, पण 'भर' जोडल्याने निभावतं. धुई आणि गारठा दोन्ही बरोबर आहेत. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जातो तो बहुधा गारठ्याच्याच पानावर, आणि धुई पडली की दवाने द्राक्षाची पानं ओली राहून डाउनी या बुरशीरोगाचा धोका वाढतो, त्यामुळे बागाईतदाराला ते नाव वाचूनच फवारणी आठवते. पालवीबद्दल वेगळं सांगायला नको.

गोडीचा हिशेब करून पाहिला. 10 ऑक्टोबरला, म्हणजे छाटणी 18 ला, गोडी बाराची, म्हणजे फळासाठीची, छाटणी झालेल्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेला 120 ते 130 दिवस धरले तर फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा येतो, आणि 19 फेब्रुवारीपर्यंत गोडीच चालू असते. मण्यात पाणी उतरून साखर भरते ती गारठा-गोडीत. नाव गोड आहे म्हणून ठेवलेलं नाही, कामाशी जुळतंय म्हणून ठेवलंय.

छाटणी आणि आवणी मात्र अर्ध्या जिल्ह्यापुरती आहेत. द्राक्षाच्या वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी बाराची. नुसतं छाटणी म्हटलं तर कुठली? बागलाणात तर अर्ली बाग जुलै-ऑगस्टातच छाटतात आणि माल डिसेंबरच्या आसपास काढतात. आवणी म्हणजे भाताची लावणी: इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा. येवला-नांदगावात त्याच दिवसांत मका-सोयाबीनची पेरणी नाहीतर आभाळाकडे बघणं. नावाला आणखी एक अडचण आहे, विभक्तीची. 'छाटणीत पैसे देतो' म्हणजे छाटणीच्या कामात की छाटणी महिन्यात? कामाचं नाव जसंच्या तसं महिन्याला दिलं की हा घोळ होतोच. 'चाळभरात' किंवा 'पावशात' म्हटलं की होत नाही.

द्राक्षावरून महिना ठेवणारे हे पहिले नव्हेत. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर 1793 मध्ये महिन्यांची नावं बदलली, तेव्हा पहिला महिना, साधारण 22 सप्टेंबरला लागणारा, वांदेमिएर, द्राक्षतोडणीचा ठेवला. नाशकात नेमक्या त्याच महिन्यात आपण वेल छाटतो आणि तोडणी चार महिन्यांनी करतो. नाव जागेला बांधलेलं असतं ते असं. त्या फ्रेंच नावांतली एक युक्ती मात्र उचलण्यासारखी आहे: एका ऋतूच्या तिन्ही महिन्यांचा शेवट सारखा, म्हणजे ऐकताक्षणी ऋतू कळतो. आपल्याकडे वैदिक नावांत हीच सोय ऋतूच्या जोड्यांनी केली आहे: मधु-माधव वसंताचे, नभस्-नभस्य पावसाळ्याचे, सहस्-सहस्य हेमंताचे, तपस्-तपस्य शिशिराचे. या दिनदर्शिकेची बारा नावं सुटी सुटी आहेत, त्यामुळे क्रम पाठ व्हायला वेळ लागतो. धुई-गारठा ही जोडी आपोआप जमली आहे, तशा आणखी पाच हव्या होत्या.

छपाईकडे वळू. कागद मॅपलिथो आहे, चकचकीत आर्ट पेपर नाही, त्यामुळे बॉलपेनने दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख लिहिता येते आणि शाई फिसकटत नाही. छाटणीपासून गोडीपर्यंतच्या पाच पानांवर प्रत्येक चौकोनात एक ठिपक्यांची रेघ सोडली आहे, बागेचा कितवा दिवस ते लिहायला. 'आज पंचेचाळिसावा' असं मोजत डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), विरळणी, फवारणी ठरवणाऱ्या घराला या एका रेघेसाठी दीडशे रुपये जड नाहीत. उणीव अशी की नव्या महिन्याची तारीख मोठी आणि इंग्रजी तारीख कोपऱ्यात अगदी बारीक आहे. हप्ता, पगार, शाळेची फी सगळं इंग्रजी तारखेवर, आणि चार हातांवरून ती वाचता येत नाही. इंग्रजी महिन्याची 1 तारीख तरी लाल चौकटीत हवी होती. पट्टीचा पत्रा साधा आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या दमट भिंतीवर तो पावसाळ्यात गंजून वरच्या कडेला डाग पाडेल, तिकडे लावायची असेल तर पट्टी काढून भोक पाडा आणि दोरी ओवा.

छापखाना तुमच्या स्वतःच्या बारा नावांनीही दिनदर्शिका छापून देतो, किमान शंभर प्रतींची मागणी असेल तर. शाळा, सोसायटी, कृषी सेवा केंद्र, कुणालाही ते करता येईल. नावं द्यायला जाण्याआधी वरच्या सीमांप्रमाणे बारा रकाने आखा आणि प्रत्येकात त्या दिवसांत दरवर्षी न चुकता काय होतं ते लिहा: झाडं, पक्षी, वारा, पीक, बाजार. तिथीवरचं जे असेल ते पंचांगात निदान पाच वर्षांचं तपासा. एकदाही महिन्याबाहेर जात असेल तर खोडा. उरलेली नावं पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या एकेका तालुक्यातल्या माणसाला ऐकवा आणि न सांगता महिना ओळखायला सांगा, पंधरा दिवसांच्या आत अंदाज आला तर नाव पास. मग '-त', '-चा', '-पासून' लावून वाक्यात बोलून पाहा. तीन अक्षरांपेक्षा लांब नाव शक्यतो नको, मथळ्याच्या जागेत अक्षर लहान करावं लागतं.

प्रूफ कागदावरच मागा. यादी युनिकोडमध्ये टाइप करून दिलीत आणि तिथे ती जुन्या फॉन्टमध्ये बदलली तर जोडाक्षरं फुटतात: 'गारठ्यात'मधला ठ्या, 'ऱ्हा'मधला अर्धा र, आणि रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. मोबाइलवर पाठवलेल्या चित्रात हे नजरेतून सुटतं. बारा मथळे, तळाची नक्षत्रपट्टी आणि प्रत्येक पानाचा पहिला-शेवटचा वार, एवढं बोट ठेवून वाचा. पहिला वार चुकला तर अख्खं पान चुकतं, आणि सही केलेल्या प्रूफनंतरची चूक छापखाना स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून देत नाही.