सर्ट पूल : वेळ वाचतो, दुसरी नजर जाते

खालच्या न्यायालयाचा निकाल तपासून पाहा, असे हजारो अर्ज (‘सर्शिओरारी’चे, थोडक्यात ‘सर्ट’चे) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वर्षाला येतात आणि पूर्ण सुनावणी साधारण साठ-सत्तर प्रकरणांचीच होते. ही निवड न्यायमूर्तींसाठी सोपी करून देणारी अंतर्गत सेवा म्हणजे सर्ट पूल. ती चालवतात लॉ क्लार्क, म्हणजे नुकतेच कायदा शिकून आलेले तरुण वकील.

न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी १८८२ मध्ये पदरचे पैसे देऊन पहिला क्लार्क ठेवला. १८८६ पासून सरकार वर्षाला १,६०० डॉलर देऊ लागलं, तेही लघुलेखक म्हणून. आता बहुतेक न्यायमूर्तींकडे चार क्लार्क असतात. पूल आला १९७२-७३ च्या सत्रात, न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांच्या सूचनेवरून.

सहभागी न्यायमूर्तींच्या कार्यालयांत अर्ज वाटून दिले जातात. एका अर्जावर एकच क्लार्क मेमो लिहितो : हकीकत, खालच्या न्यायालयांचे निकाल, दोन्ही बाजूंचं म्हणणं, विश्लेषण, शिफारस. तोच मेमो सगळ्यांकडे जातो. इतर क्लार्क त्यावर शेरे मारतात, पण मूळ अर्ज प्रत्येक जण मुळापासून वाचेलच असं नाही. वेळ प्रचंड वाचतो, यात वाद नाही.

खरी उणीव शिफारशीत आहे. ‘घ्या’ म्हटलं आणि मुद्दा खालच्या न्यायालयात मांडलाच नव्हता असं पुढे निघालं, तर सुनावणीनंतरही अर्ज ‘घ्यायला नको होता’ म्हणून काढून टाकावा लागतो. ‘नको’ म्हटल्याची चूक सहसा उघडकीसच येत नाही. साहजिकच कल नकाराकडे झुकतो. न्यायमूर्तींपैकी जॉन पॉल स्टीव्हन्स पूलमध्ये कधीच गेले नाहीत, सॅम्युएल अलिटो २००८ मध्ये बाहेर पडले, नील गोर्सच २०१७ पासून बाहेरच राहिले. त्यांचं बाहेर राहणं आम्हाला मोलाचं वाटतं, कारण तेवढी तरी वेगळी नजर अर्जावर पडते.

वकिलांनी हा मेमो-लेखक डोळ्यांसमोर ठेवूनच मसुदा करावा. छापील अर्जाला ९,००० शब्दांची मर्यादा आहे आणि कायद्याचा प्रश्न मुखपृष्ठानंतरच्या पहिल्याच पानावर द्यावा लागतो. नुसता ‘निकाल चुकला’ हा मुद्दा इथे क्वचितच चालतो. दोन अपील न्यायालयांनी त्याच प्रश्नावर उलट निकाल दिलेत हे दाखवा, आणि उत्तर बदललं तर तुमच्या प्रकरणाचा निकालही बदलेल हेही.

वकील नसलेल्या कैद्यांचे अर्जही याच वाटेने जातात. त्यांचा मुद्दा बऱ्याचदा क्लार्कलाच शोधून काढावा लागतो. अशा अर्जांवर तरी दोन कार्यालयांतून दोन स्वतंत्र मेमो लिहिले जावेत.