पूल कोसळल्यावर भराव की तात्पुरता सांगाडा?

जून 2023 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात टँकरच्या आगीने आय-95 महामार्गाचा पूल कोसळला. खाली नदी नव्हे, रस्ता होता. तो बंद करून पुलाची रिकामी जागा फेसाळ काचेच्या (आत हवेचे बुडबुडे असलेल्या) हलक्या खड्यांनी भरली, वर डांबर टाकलं. 12 दिवसांत सहा लेन सुरू! माती वापरली असती तर वजन कितीतरी वाढलं असतं.

2013 मध्ये वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नदीवरच्या आय-5 महामार्गाच्या पुलाचा एक गाळा (दोन खांबांमधला भाग) पडला, तेव्हा मात्र पाण्यात भराव कसला घालणार? तयार पोलादी भाग जोडून तात्पुरता पूल टाकला. महिन्याच्या आत वाहतूक सुरू झाली, पण कमी वेगाने, मर्यादेपेक्षा जास्त वजनाच्या किंवा आकाराच्या वाहनांना मनाई. कायमचा गाळा सप्टेंबरमध्ये सरकवून बसवला.

खाली रस्ता असेल तर माझं मत भरावालाच.