अपडेट केलंच नाही, अपडेटची पट्टी तेवढी लपवली

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात माझा स्वतःचा बावळटपणाही भरपूर आहे. पण परवा ओळखीतली एकजण सहज बोलून गेली की "वेबसाइटचं सगळं तो मुलगाच बघतो गं, मला तर पासवर्डपण माहीत नाही", आणि माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून लिहितेय. नाव कुणाचंच घेणार नाही.

तर आमचा छोटासा बिझनेस आहे, वर्डप्रेसवर (साइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) साइट, प्रॉडक्टचे फोटो, इन्क्वायरी फॉर्म, अधूनमधून एखादा लेख, बास. ज्याने साइट बनवली त्यानेच वर्षाचं मेंटेनन्सही घेतलं, त्यात अपडेट, बॅकअप, सिक्युरिटी स्कॅन सगळं आलं, पैसे अर्थातच आधी. मला लॉगिन दिलं ते एडिटरचं, म्हणजे लेख टाकता येतात, साइटच्या आतलं काही बदलता येत नाही. "मॅडम, ॲडमिन दिलं आणि चुकून काही उडालं तर तुम्हालाच ताप." मला बरंच वाटलं, म्हटलं काळजी घेतोय पोरगा.

दर महिन्याच्या १ तारखेला पीडीएफ यायची. वर साइटचं नाव, खाली डॅशबोर्डचा, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या पानाचा, स्क्रीनशॉट आणि पाच-सहा हिरव्या टिका, कोअर (मूळ वर्डप्रेस) अपडेटेड, प्लगइन (वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) अपडेटेड, बॅकअप झाला, स्कॅन क्लीन. त्या स्क्रीनशॉटमध्ये एका चौकटीत "११ पोस्ट" असं दिसायचं. आमचे लेख तोवर वीसच्या वर गेले होते, तरी दर महिन्याला ११च. मी ती पीडीएफ उघडायचे, टिका बघायचे, बंद करायचे.

एकदा लॉगिन केलं तर वर पिवळी पट्टी, नवीन व्हर्जन आलंय, साइट ॲडमिनिस्ट्रेटरला कळवा. मी लगेच त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "ते सगळ्यांना येतं मॅडम, मी करून टाकतो." दुसऱ्या दिवशी बघते तर पट्टी गायब. मी मनात म्हटलं, वा, कामाचा आहे. आता हसू येतं आणि रागही, कारण नंतर कळलं की त्याने अपडेट केलंच नव्हतं, थीमच्या, म्हणजे साइटचं डिझाइन ठरवणाऱ्या भागाच्या, फंक्शन्स फाइलमध्ये तीन ओळी टाकून ती पट्टी दिसायची बंद केली होती. आणि खरी गंमत म्हणजे डॅशबोर्डच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरात व्हर्जनचा आकडा असतो, तो एडिटरलाही दिसतो. तिथे ५.८ लिहिलेलं होतं. हे व्हर्जन जुलै २०२१ चं. मी रोज त्या आकड्याच्या वर बसून लेख टाइप करत होते.

मग एक दिवस जुन्या कस्टमरचा फोन. "ताई, तुमची साइट उघडली की जुगाराचं काहीतरी येतंय." मी लॅपटॉपवर उघडली, व्यवस्थित. म्हटलं तुमच्याच मोबाइलला काहीतरी झालंय. दोन दिवसांनी दुसऱ्याचा तसाच फोन. हे असं का होतं ते आता माहितीये, घुसलेला कोड मुद्दाम फक्त मोबाइलवरून आणि गूगल सर्चमधून येणाऱ्यालाच दुसरीकडे पाठवतो, लॉगिन केलेल्याला किंवा थेट पत्ता टाकणाऱ्याला काहीच दाखवत नाही, म्हणजे मालकाला सगळ्यात शेवटी कळावं अशीच रचना. स्वतःच्या साइटचं नाव गूगलवर शोधून, मोबाइलवरून, लॉगिन नसताना क्लिक करून बघा कधीतरी. मी केलं तर माझ्या साइटच्या नावाखाली चक्क जपानी अक्षरांत शेकडो पानं.

त्याला फोन केला तर म्हणे होस्टिंगवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते त्यांचा, प्रॉब्लेम आहे, क्लीनिंगचा चार्ज वेगळा. मी दिला. तासाभरात "डन मॅडम". आठ दिवसांनी परत तेच. परत चार्ज. हो, दुसऱ्यांदाही दिला, आता काय सांगू.

शेवटी मावसभावाला सांगितलं, तो हेच काम करतो. तो आधी एवढंच म्हणाला, भांडू नकोस, होस्टिंग आणि डोमेन (साइटचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे ते बघ. दोन्ही त्या मुलाच्या ईमेलवर होतं. म्हणजे भांडले असते तर साइटचा पत्ताच त्याच्या हातात राहिला असता. मग गोड बोलून, हिशोबाला कागद लागतात असं सांगून, नऊ दिवस मागे लागून दोन्ही अकाउंट माझ्या ईमेलवर करून घेतले. ते झाल्यावर भाऊ आत शिरला, मी शेजारी बसून बघत होते.

दर थोड्या वेळाने तो "अरे देवा" म्हणायचा.

अपलोड्स फोल्डरमध्ये, जिथे फक्त फोटो असायला पाहिजेत, तिथे फोटोसारखंच नाव दिलेली पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड. हाच मागचा दरवाजा. क्लीनिंग म्हणून त्याने फक्त रीडायरेक्टची, म्हणजे दुसरीकडे पाठवणारी, ओळ उडवली होती, दरवाजा तसाच, म्हणून आठ दिवसांत पाहुणे परत. युजर्सच्या यादीत दोन नावं दिसत होती, डेटाबेसमध्ये मात्र तीन, तिसरा ॲडमिन यादीतून लपवलेला. बॅकअप "क्लाउडवर" म्हणून सांगितलेला, तो निघाला त्याच सर्व्हरवर साइटच्याच फोल्डरमध्ये झिप करून, म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच कुलपाला लटकवलेली, आणि त्यातला सगळ्यात जुना बॅकअपही बाधितच.

मी विचारलं, अरे पण अपडेटचं बटण दाबायला असा काय त्रास होता त्याला? तर मूळ भानगड तिथेच होती. पेज बिल्डरचं (साइटची पानं जुळवायचं) प्रीमियम प्लगइन त्याने विकत घेतलंच नव्हतं, क्रॅक केलेलं, ज्याला हे लोक नल्ड म्हणतात ते टाकलेलं, आणि बिल मात्र मला पूर्ण लायसन्सचं लावलेलं. अशा प्लगइनला कंपनीकडून अपडेट येत नाहीत. वर फुकटच्या कॉपीत आधीच कोड घुसवलेला असू शकतो, डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा मालवेअर असाच नल्ड थीम आणि प्लगइनमधून पसरला होता. शिवाय थीममधले बदल त्याने चाइल्ड थीम, म्हणजे आपल्या बदलांसाठीची वेगळी थीम, न बनवता मूळ फाइलींतच केलेले, म्हणजे थीम अपडेट केली की सगळं डिझाइन पुसलं जाणार. म्हणून त्याने काहीच हलवायचं नाही असं ठरवलं. वर्डप्रेसमध्ये २०१३ पासून, म्हणजे ३.७ व्हर्जनपासून, छोटे सिक्युरिटी अपडेट आपोआप होतात, काहीच केलं नसतं तरी तेवढं तरी झालं असतं, पण कॉन्फिग फाइलमध्ये त्याने तेही बंद करून ठेवलेलं. वर्डप्रेस ज्या पीएचपीवर चालतं, तिच्या ७.४ व्हर्जनचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, आमचा सर्व्हर अजून त्याच्यावरच. होस्टिंगच्या मेल येत होत्या म्हणे, त्याच्या इनबॉक्समध्ये.

मी म्हटलं, थोडा उशीर झाला तर एवढं काय बिघडतं? तेव्हा भावाने २०१४ चं ड्रुपलचं, म्हणजे वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं, सांगितलं. तिथे एक मोठी गडबड जाहीर झाली आणि त्यांच्याच सिक्युरिटी टीमने नंतर सांगितलं की ७ तासांच्या आत अपडेट केलं नसेल तर साइट हॅक झालीच असं समजा. ७ तास! आमच्याकडे दोन वर्षं उलटून गेली होती.

साफ करण्यापेक्षा नव्यानेच उभी केली. लेख आणि फोटो एकेक तपासून हलवले, सगळे पासवर्ड बदलले, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं टूल) साइट परत तपासा म्हणून रिव्ह्यू मागितला, जपानी पानं सर्चमधून जायला मात्र बराच वेळ लागला आणि तेवढे दिवस इन्क्वायरी जवळपास शून्य. आता ॲडमिन माझ्या नावावर, भावाला वेगळं लॉगिन, पेज बिल्डरचं लायसन्स माझ्या ईमेलवर. बॅकअप दुसरीकडे जातो आणि तीन महिन्यांतून एकदा तो खरंच उघडतो का ते रिकाम्या जागी टाकून बघतो, पहिल्या वेळी उघडला नव्हता हेही सांगते.

मेंटेनन्सचे उरलेले पैसे मागितले, त्यावर अजून उत्तर नाही. पण जुनी साइट आम्ही पूर्ण बंद करून ठेवली होती, नुसतं "काम चालू आहे" एवढं एक पान, त्याच आठवड्यात १ तारीख आली आणि सकाळी नेहमीसारखी पीडीएफ आली. कोअर अपडेटेड, प्लगइन अपडेटेड, स्कॅन क्लीन, ११ पोस्ट.