व्हँपायर नाइट: एवढं दुःख, एवढं रक्त, आणि मला सगळं हवंय

मात्सुरी हिनोची व्हँपायर नाइट १९ च्या १९ खंड वाचून झाली आणि अजून डोक्यातून जात नाहीये. शोजो मांगा आहे, म्हणजे मुलींसाठीची जपानी कॉमिक, जपानमध्ये लाला मासिकात २००४ च्या शेवटी सुरू झाली, २०१३ मध्ये संपली, इंग्लिशमध्ये व्हिझ या प्रकाशनाने काढलीये. यात सगळ्यांना सतत आणि मनापासून दुःख होत असतं आणि मला नेमकं तेच प्रचंड आवडलं.

क्रॉस अकॅडमी नावाची बोर्डिंग शाळा, दिवसा काळ्या युनिफॉर्मवाली साधी मुलं, रात्री पांढऱ्या युनिफॉर्मवाली एकापेक्षा एक देखणी मुलं, आणि ती व्हँपायर आहेत हे दिवसवाल्यांना माहीतच नाही. ते गुपित सांभाळायची ड्यूटी युकी आणि झीरोवर. युकीला लहानपणीचं काही आठवत नाही, बर्फात कानामेने जीव वाचवला तिथूनच तिच्या आठवणी सुरू होतात, आणि कानामे तर शुद्ध रक्ताचा व्हँपायर. झीरो हंटरांच्या, म्हणजे व्हँपायर मारणाऱ्यांच्या घरातला, एका शुद्ध रक्ताच्या बाईने त्याचं कुटुंब संपवलं आणि त्याला चावून गेली, म्हणजे ज्यांचा तो जीव तोडून द्वेष करतो तेच तो हळूहळू होत चाललाय, आणि हे युकीपासून चार वर्षं लपवलेलं!!

रात्रीच्या वर्गातली मुलं रक्ताच्या गोळ्या पाण्यात टाकून भागवतात पण झीरोच्या शरीराला त्या सोसतच नाहीत. तो आपली बंदूक युकीच्या हातात देतो, म्हणतो मला मार. ती मारत नाही, स्वतःचं रक्त देऊ करते. मग पुढे हे दोघं चोरून भेटतात, त्याला स्वतःची किळस येते आणि तरी थांबवत नाही, तिला कानामेपासून लपवायचं असतं आणि कानामेला वासावरूनच सगळं कळतं, तो काहीच बोलत नाही. उफ्फ. प्रेमात पडलोय असं इथे कोणी सरळ सांगत नाही, कोण कोणाचं रक्त पितंय त्यावरून आपल्याला समजतं.

चित्रांबद्दल तर किती बोलू. चौकटी मोडून पानभर पसरलेले केस, डोळे, आणि मध्येच कोरी जागा. संगीत नाटकात प्रसंग थांबवून पद सुरू होतं ना, तसं हिनो गोष्ट थांबवते आणि त्या एका भावनेला पानंच्या पानं देते. चॅप्टरलासुद्धा ती ‘रात्र’ म्हणते, पहिली रात्र, दुसरी रात्र, मस्तच.

मारामारीची पानं मात्र गोंधळाची आहेत, हात कोणाचा केस कोणाचे कळत नाही, दोनदा बघावं लागतं. अर्धी सिरीज झाल्यावर व्हँपायर कौन्सिल आणि हंटर असोसिएशनचं राजकारण वाढतं तिथे वेग पडतो. युकी आणि कानामेचं खरं नातं उघड झालं की काही जणांना ते पचणार नाही, मलाही अवघड गेलं, पण त्यानंतरची युकी जास्त खरी वाटली, कारण आता भूक तिलाही लागते.

२००८ चा अ‍ॅनिमे, म्हणजे याच गोष्टीची अ‍ॅनिमेशन सिरीज, छान आहे, १३-१३ भागांचे दोन सीझन, पण तो गोष्टीच्या मध्यावरच थांबतो, शेवट हवा असेल तर मांगाच घ्या. नंतर मेमरीज नावाचा पुढचा भागही आलाय, तो १९ वा खंड वाचल्याशिवाय अजिबात उघडू नका. आणि हो, मी झीरोच्या बाजूची, कोणी कितीही समजावलं तरी.